आग्या वेताळ रंगवताना

गोष्टींतला आग्या वेताळ कधी जवळून दिसत नाही. दूर अंधारात एक ज्योत हलते, बस्स. म्हणून त्याच्या रंगांत लोकरीची लड रंगवतानाही काळोख भरपूर आणि आग अगदी थोडी ठेवा.

१०० ग्रॅम लोकरीची लड चार ठिकाणी सैल बांधून अर्धा तास कोमट पाण्यात भिजवा. ॲसिड डाय, म्हणजे आम्लाच्या पाण्यात लोकरीवर चढणारे रंग, लागतील: पिवळा, केशरी, लाल, गडद निळा आणि तपकिरी. पूड मिसळताना मास्क हवाच आणि भांडं पुन्हा स्वयंपाकाला वापरायचं नाही.

तयार काळा मी घेत नाही. त्यातले रंग वेगवेगळ्या वेगाने चढतात आणि कडेला भलतीच छटा फुटते. निळ्यात तपकिरी घालून केलेला काळोख मला जास्त जिवंत वाटतो.

पसरट भांड्यात लड जेमतेम बुडेल एवढं पाणी आणि एक मोठा चमचा सायट्रिक ॲसिड घ्या. आधी आग: पिवळ्याचे वीतभर अंतरावर छोटे ठिपके, त्यांना केशरी कड, बाहेर लालाची बारीक रेघ. ही रेघ गाळू नका. निळा थेट केशरीला भिडला की चिखल होतो. लाल मध्ये असेल तर तिथे सुंदर वांगी छटा येते. मंद आचेवर हे रंग लोकरीत शिरून पाणी नितळ झाल्यावरच उरलेल्या जागेत काळोख ओता.

८५ अंशांच्या आसपास अर्धा तास ठेवा. उकळी नको, ढवळणं तर अजिबात नको, लोकर घट्ट होऊन बसते. भांड्यातच गार होऊ द्या, मग धुऊन सावलीत वाळवा.

विणायला साधी सुलट वीण घ्या; नक्षीत ठिणग्या हरवतात.