मित्रांबरोबर रेडफिश धरायला जाताय? मग हे बघून घ्या

अमेरिकेतल्या लुईझियानाच्या खाजणात रेडफिशसाठी, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या त्या तांबूस माशासाठी, जाणार असाल तर सगळ्यात आधी भरती-ओहोटीची वेळ बघा, कारण सगळा खेळ वाहत्या पाण्याचा आहे. पाणी ओसरायला लागलं की गवतातली कोळंबी आणि छोटे खेकडे ओढ्याच्या तोंडाशी वाहत येतात आणि रेडफिश तिथंच टपून असतो, त्यामुळे बोट जरा लांबच थांबवा, मोटर बंद करा आणि प्लीज बोटीत पाय आपटू नका, एवढ्या उथळ पाण्यात त्याला सगळं कळतं.

नवख्या मित्राच्या हातात पॉपिंग कॉर्क, म्हणजे दोरीवरचा आवाज करणारा तरंगता बोळा, द्या. त्याच्या खाली दीड-दोन फुटांवर जिवंत कोळंबी, झटका दिला की कॉर्क ‘ब्लप’ असा वाजतो, थोडं थांबायचं, परत झटका. कॉर्क गपकन खाली गेला आणि सर्कल हुक (टोक आत वळलेला गोल गळ) असेल तर जोरात हिसका मारू नका, नुसतं रील फिरवत राहा, गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. कधीकधी रेडफिश डोकं खाली घालून चरत असतो आणि शेपूट पाण्याबाहेर हलताना दिसते, बुडाशी तो काळा ठिपका, आहाहा! अशा वेळी आमिष डोक्यावर नाही, थोडं पुढं टाका.

लायसन्स आधीच काढा. 2024 पासून तिथं 18 ते 27 इंचांचेच मासे ठेवता येतात, माणशी दिवसाला 4. मोठा लागला तर ओल्या हातांनी धरा, पाण्यात पोटाखाली आधार द्या, त्यानं शेपूट मारली की सोडा.