बूलच्या कपाटाची उचकटलेली पितळी पट्टी कशी बसवावी

कासवाच्या पाठीत बसवलेली पितळेची वेलबुट्टी आणि कोपऱ्यांवर सोन्याचा मुलामा दिलेले ब्राँझचे मुखवटे, अशा फ्रेंच कपाटाला सरसकट ‘बूल’ म्हणतात. आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) हा चौदाव्या लुईचा कारागीर. बाजारात दिसणारी बहुतेक कपाटं मात्र एकोणिसाव्या शतकातली, त्याच्या पद्धतीवर बेतलेली असतात. आपल्या कामाला त्याने फरक पडत नाही, पितळ दोन्हींचं उचकटतंच. खालचं लाकूड हवेतल्या दमटपणाप्रमाणे फुगतं-आकसतं, पितळ तसं करत नाही, आणि मधला सरस शेवटी हात टेकतो.

आधी मऊ ब्रशने धूळ काढा. फडकं अजिबात नको. उचकटलेल्या टोकात धागा अडकला की अख्खं पान उपटून येतं.

ब्राँझच्या आकृत्या मध्ये येत असतील तर काढा आणि प्रत्येकीचे खिळे-स्क्रू तिच्याच पुडीत ठेवा. त्यांना चिंच, लिंबू, पितांबरी लावायचा मोह आवरा. देवाची समई आणि हा मुलामा यांत फरक आहे. सोन्याचा थर अतिशय पातळ असतो, घासाल तर खालचं ब्राँझ उघडं पडेल.

आता खरी मेख. ही पायरी मला सगळ्यात उशिरा जमली.

उचकटलेली पट्टी खाचेत बसत नाही, कारण लाकूड आकसून खाच आखूड झालेली असते. शिवाय आत जुना सरस आणि मळ घट्ट बसलेला असतो. इथे लोक दोन गोष्टी करतात, हातोडीने ठोकतात किंवा टोक कापतात. दोन्ही गुन्हे आहेत. ठोकलेलं पितळ पसरतं आणि आणखी लांब होतं. कापलेलं टोक पुढे दमट हवेत लाकूड फुगलं की फट दाखवतं. आधी खाच साफ करा: कोमट पाण्यात जेमतेम ओलावलेला कापसाचा बोळा, मऊ झालेला सरस लाकडी काडीने खरवडून काढायचा, लगेच कोरडं करायचं. नुसत्या मळामुळे अडलेल्या पट्ट्या एवढ्यावरच बसतात. पट्टी मधोमध फुगली असेल आणि दोन्ही टोकं घट्ट असतील, तर एक टोक ऊब-ओलाव्याने सोडवा. तरीही बसली नाही तर थांबा आणि जाणकाराला बोलवा.

पट्टीची मागची बाजू स्पिरिटने पुसा. स्पिरिट पॉलिशवर सांडलं तर ते विरघळेल, तेव्हा बोळा पिळून घ्या. मग मागच्या बाजूवर लसणाची कापलेली पाकळी चोळा. हसू नका, फ्रेंच कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आले आहेत. गुळगुळीत पितळावर सरस नीट पकडत नाही, लसणाने पकडतो.

चिकटवायला माशाचा सरस घ्या. तो गरम करावा लागत नाही आणि हात चालवायला वेळ देतो. ‘सुपरग्लू लावा, पाच सेकंदांत काम’ असं सांगणाऱ्याला कपाटाजवळ फिरकू देऊ नका. सरस उद्या कोमट पाण्याने सुटतो, सुपरग्लू सोडवताना कासवाचं कवच तुटतं. पट्टी चिकटलेल्या टोकाकडून मोकळ्या टोकाकडे दाबत न्या, म्हणजे फुगवटा पुढे सरकत बाहेर पडतो. बाहेर आलेला सरस ओला असतानाच पुसा. वर प्लास्टिकचा कागद, त्यावर सपाट फळी, मग क्लॅम्प. फळी तापवायचा सल्ला मिळेल. मिळो. जास्त उष्णतेने कवच वाकडं होतं. दाब बेताचा ठेवा आणि चोवीस तास हात लावू नका. मध्येच उघडून ‘बघू चिकटलं का’ करणाऱ्याचं काम दुसऱ्यांदा करावं लागतं.

कवचाचा तुकडा हरवला असेल तर नवीन शोधू नका. भारतात त्याचा व्यापार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. रंगवलेलं शिंग चालतं.

शेवटी मेणाचा पातळ हात. कपाट हीटर, एसी आणि उन्हाच्या खिडकीपासून लांब ठेवा.