गव्हावरचा मावा आणि पुदिन्याचं तेल

गव्हावरचा मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, दूर ठेवायला मी पुदिन्याचं तेल पाण्यातून फवारतो. पण तेल थेट पाण्यात ओतलं की वर तरंगतं. मग पंपातून आधी नुसतं पाणी येतं, शेवटी निव्वळ तेल, आणि तिथली पानं करपतात. उपाय सोपा निघाला. १ लिटर पाण्याला ५ मिली पुदिना तेल आणि २ मिली पातळ साबण. दोन्ही आधी एकत्र घोटायचं, त्यात थोडंथोडं पाणी घालत दुधाळ करायचं, मग उरलेलं पाणी. जड, म्हणजे क्षारांच्या, पाण्यात साबण फाटतो, म्हणून पावसाचं पाणी बरं. फवारताना पंप अधूनमधून हलवायचा.

लवंग तेल मी टाळतो. त्यातलं युजेनॉल तणनाशकाचं काम करतं. कुठलंही तेल आधी चार-पाच रोपांवर मारून दोन दिवस पाहावं.

फवारणी संध्याकाळी, पानांच्या खालच्या बाजूला आणि पोंग्यात, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांच्या गुंडाळीत. तेल लवकर उडून जातं, त्यामुळे चार-पाच दिवसांनी पुन्हा. पंखवाला मावा उतरायला लागतो तेव्हाच याचा खरा उपयोग. सोंड खुपसून बसलेली वसाहत नुसत्या वासाने हलत नाही. मावा खाणारे ढालकिडे भरपूर दिसत असतील तर मात्र मी पंप उचलतच नाही.