एसएसच्या पट्टीला शॉपमध्येच मॅट फिनिश काढायची तयारी

एसएसच्या, म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या, पट्ट्या पॉलिशवाल्याकडे न पाठवता आपल्याच शॉपमध्ये मॅट (एकाच दिशेच्या बारीक रेषांचा, कमी चमकणारा फिनिश) काढायच्या असतील, तर कटिंग, ड्रिलिंग, बेंडिंग, वेल्डिंग सगळं आधी उरकून घ्या. फिनिश झाल्यावर वेल्डिंगचा टाका मारला की निळा-पिवळा डाग पडतो, आणि तेवढीच जागा घासून बाकीच्या रेषांशी जुळवणं म्हणजे डोक्याला ताप.

माल कोणता आहे ते बिलावर बघा. चुंबक चिकटत नाही म्हणजे ३०४ ग्रेडचा एसएस, हा बाजारातला लाडका समज. २०२ ग्रेडलाही चुंबक चिकटत नाही आणि तो लवकर गंजतो.

घासायचे पेपर १२०, १८० आणि २४० नंबरचे आणा (नंबर मोठा तितका पेपर बारीक), सगळे नवे. लोखंडावर वापरलेला पेपर किंवा साधा तारेचा ब्रश एसएसला अजिबात लावू नका. लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात आणि पहिल्या पावसात तांबडे ठिपके उमटतात. एसएसचा डबाच वेगळा ठेवा. मूळ पट्टी चकचकीत असेल तर १८० पासून सुरुवात पुरते, १२० फक्त ओरखडे असतील तिथे. समुद्राकाठच्या कामाला २४० च्या खाली थांबू नका, जाड रेषांमध्ये खारं पाणी बसून राहतं.

खरी मेहनत पट्टी पक्की बसवायच्या बैठकीवर घ्या. सपाट फळीवर पट्टी डबल टेपने चिकटवा, बाजूला सरळ रीप ठोका आणि पेपर गुंडाळलेला लाकडी ठोकळा त्या रीपेला टेकवून एकाच दिशेने ओढा. पट्टीच्या दोन्ही टोकांना त्याच जाडीचे भंगार तुकडे लावून ठेवा, म्हणजे ठोकळा पट्टीवर न थांबता तुकड्यावर जाऊन थांबेल. पट्टीवरच थांबला किंवा हात वळला, तर टोकाला चंद्रकोरीसारखी कड उमटते. ट्यूबलाइटखाली ती दिसत नाही, उन्हात लगेच दिसते. म्हणून ट्रायलचा तुकडा दारात नेऊन बघा, शेजारी जो पत्रा बसणार आहे त्याला लावून.

बेल्ट मशीन वापरणार असाल तर स्पीड कमी ठेवा. एसएसमधून उष्णता लोखंडाच्या साधारण एक तृतीयांशच वाहते, त्यामुळे एका जागी टेकलं की पातळ पट्टी वाकते.

गॉगल, मास्क, हातमोजे लागतीलच. घासण्याआधी थिनरने तेल पुसा. काम झाल्यावर साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करा आणि ओरखडे पडू नयेत म्हणून प्लास्टिकची फिल्म चिकटवा. ती साइटवर पट्टी बसेपर्यंत काढू देऊ नका.