पहिला वर्कबेंच बनवताय? या चुका टाळा, नाहीतर तो डुलतच राहणार

रंधा मारताना, म्हणजे लाकूड तासून सपाट करताना, सुतारकामाचा बेंच पुढे-मागे डुलतो, ही पहिल्यांदा बेंच बनवणाऱ्यांची सगळ्यात कॉमन तक्रार. मग लोक करतात काय तर लोखंडी अँगल लावतात, लांब स्क्रू मारतात, फेविकॉल भरतात, थोडे दिवस बरं वाटतं आणि परत तेच सुरू. कारण गडबड बहुतेक वेळा एकाच जागी असते, कुसवाच्या खांद्यावर. खाच म्हणजे पायात कोरलेलं चौकोनी भोक, कुसू म्हणजे त्यात बसणारी आडव्या पट्टीच्या टोकाची जीभ, दोन्ही मिळून मॉर्टिस-टेननचा सांधा. त्यात कुसू आत जातं हे सगळ्यांना दिसतं, पण बेंचला डुलण्यापासून अडवतो तो बाहेरचा खांदा, म्हणजे कुसवाच्या मुळाशी भोवती राहिलेली पट्टीची सपाट कड, जी पायाला चारी बाजूंनी घट्ट टेकायला हवी. तिथे कागद जाईल एवढी फट राहिली तरी बेंच हलणार.

फट राहते कशामुळे? एक म्हणजे खाच पुरेशी खोल नसते किंवा तळाशी भुसा-चिपा राहतात आणि कुसू तळाला आपटून थांबतं, म्हणून खाच कुसवापेक्षा २ मिमी जास्त खोल ठेवा. दुसरं, कुसू आणि खांद्याच्या कोपऱ्यात करवतीने न कापलेलं थोडंसं लाकूड शिल्लक असतं, ते धारदार पटाशीने (लाकडाच्या छिन्नीने) साफ करा. आणि तिसरं, जे सगळ्यात जास्त होतं, खांद्याची रेघ चारी बाजूंनी एकमेकींना भेटतच नाही, कारण गुण्या (काटकोन आखायचं हत्यार) दर वेळी वेगळ्या बाजूला टेकवलेला असतो. प्रत्येक तुकड्याच्या रंधून सरळ केलेल्या दोन बाजूंवर खूण करा आणि गुण्या फक्त त्यांनाच टेकवा, बाकी कुठेही नाही. पेन्सिलीऐवजी चाकूने रेघ मारा, पटाशीला बसायला खाचणी मिळते आणि कड स्वच्छ येते.

आधी खाच, मग कुसू. उलट करू नका प्लीज. खाचेची रुंदी तुमच्याकडच्या पटाशीवर ठरते, म्हणजे दीड इंच जाड आडव्या पट्टीला अर्ध्या इंचाची पटाशी, साधारण एक तृतीयांश. कुसू रेघेच्या जरा बाहेरून कापायचं आणि मग तासून तासून फिट करायचं, हाताने ढकलल्यावर अर्ध्याच्या पुढे जाईल आणि उरलेलं लाकडी हातोड्याच्या हलक्या ठोक्यांनी, एवढं पुरे. त्याहून टाईट असेल आणि जोर लावलात तर पाय टोकाला फाटतो, मग तो पायच बदलावा लागतो. सैल झालं तर दोन्ही गालांवर, म्हणजे कुसवाच्या रुंद बाजूंवर, व्हिनियरची (पातळ लाकडी पापुद्र्याची) पट्टी चिकटवून परत तासा, गोंदाने भोक भरून उपयोग नाही.

खुंटी मारून सांधा ओढून घ्यायची जुनी पद्धत आहे ती जरूर वापरा, क्लॅम्प कमी असतील तर फारच कामाची. आधी पायात आरपार भोक पाडा, कुसू आत बसवून ड्रिलच्या टोकाने त्यावर खूण घ्या, बाहेर काढा, आणि कुसवावरचं भोक त्या खुणेपासून १ ते दीड मिमी खांद्याच्या बाजूला सरकवून पाडा, मग खुंटी ठोकली की ती खांदा पायाकडे ओढून घेते. इथेच गोची होते, घाईत उलट्या बाजूला सरकवलं तर खुंटी सांधा बंद करायच्याऐवजी उघडते! खुंटी बाभळीची किंवा चांगल्या वाळलेल्या बांबूची, करवतीने न कापता फोडून काढलेली, म्हणजे लाकडाच्या रेषा सरळ राहतात आणि ती मोडत नाही.

लाकूड. वखारीतून आणलं आणि त्याच आठवड्यात कापायला घेतलं असं नको. हवेवर वाळायला ढोबळमानाने इंच जाडीला वर्षभर लागतं, त्यामुळे शक्य असेल तर जुन्या घराच्या तुळया, दारांच्या चौकटी बघा, खिळे मात्र एक न एक काढा. जुनं सागवान मिळालं तर उत्तमच, पण वजनदार आणि वाळलेलं असेल तर बाभूळ, आंबासुद्धा चालतो, फक्त आंब्याला कीड लवकर लागते. सागातला बाहेरचा पांढरा भाग पायाला वापरू नका, वाळवी आधी तोच खाते.

पावसाळ्यात लाकूड फुगतं ते रुंदीत, लांबीत जवळजवळ नाहीच. दोन फूट रुंद फळा कोकणातल्या दमट हवेत सहज पाव इंच वाढू शकतो आणि उन्हाळ्यात तेवढाच आकसतो, म्हणून वरचा फळा खालच्या आडव्या पट्ट्यांना चिकटवून टाकू नका, तो फाटेल नाहीतर फ्रेम तरी ताणेल. पुढच्या बाजूला पक्का धरा, मागच्या बाजूची स्क्रूची भोकं लांबट ठेवा.

उंचीबद्दल एकच. नेटवरचे प्लॅन बरेचदा ३४ इंचाचे असतात, सहा फुटी माणसाला धरून. आपल्याकडे सुतार जमिनीवर बसून, पायाने लाकूड धरून काम करत आलेत, त्यामुळे उभ्याने कामाची तयार मापं घरात कुणाकडे नसतात. सरळ उभे राहा, हात खाली सोडा, करंगळी जिथे तळहाताला जोडते ती उंची हाताच्या रंध्यासाठी ठीक. पाय थोडे लांबच ठेवा, कमी करता येतात.

बेंच आधीच बनवून झालाय आणि हलतोय? लांबीच्या दिशेने ढकलून बघा, मग आडवा ढकला. ज्या दिशेला हलेल त्या दिशेचे सांधे तपासा, खांद्यात पोस्टकार्ड घालून बघा, शिरलं तर तोच सांधा. गोंद लावलेला नसेल तर उघडा, खांदा साफ करा, जुन्या भोकात खुंटी चिकटवून बुजवा आणि जरा बाजूला नवीन भोक पाडून परत ओढून घ्या. सगळे खांदे घट्ट आणि तरी डुगडुगतोय म्हणजे पाय नाहीतर फरशी सारखी नाही, मग बेंच जिथे कायम राहणार तिथेच पायांखाली पाचरी घालून लेव्हलला आणा, ठोकळ्यावर पेन्सिल ठेवून चारी पायांवर सारख्या उंचीची रेघ फिरवा आणि तिथे कापा. वरचा फळा रंधून सपाट करायचं काम याच्यानंतर.