छाटणीचे कौशल्य कसे तपासावे

झाडांच्या छाटणीचे प्रशिक्षण संपल्यावर लेखी परीक्षा घेणे सोयीचे असले, तरी तिच्यातून शिकणाऱ्याला नियम पाठ झाले की नाहीत एवढेच कळते. हातात करवत आल्यावर तो काय करील, हे कळायचे असेल तर परीक्षा झाडापाशीच घ्यावी, आणि तीही पहिला काप घेण्याआधी सुरू करावी.

प्रत्येकाला एक झाड नेमून देऊन काढायच्या फांद्यांना रंगीत फिती बांधायला सांगाव्यात व प्रत्येक फितीचे कारण विचारावे. वाळलेली, रोगट किंवा दुसरीवर घासणारी फांदी बहुतेकांना ओळखता येते. कस लागतो तो फांद्या राखण्यात. एका हंगामात जिवंत पर्णसंभाराचा चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग काढू नये, जुन्या झाडाचा तर त्याहूनही कमी काढावा, असा सर्वसाधारण संकेत आहे. म्हणून एखादे झाड मुद्दाम छाटणीची फारशी गरज नसलेले निवडावे आणि तेथे हात आवरणाऱ्याला पूर्ण गुण द्यावेत.

जाड फांदी तीन कापांत उतरवली जाते की नाही, हे जवळ उभे राहून पाहावे. पहिला काप खोडापासून थोड्या अंतरावर, खालून आणि अर्धवट. दुसरा त्याच्या किंचित पुढे, वरून. तिसरा उरलेला खुंट काढण्यासाठी. पहिला काप टाळला तर फांदी स्वतःच्या भाराने मोडताना खोडाची साल सोलत नेते. शेवटचा काप फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्याच्या लगेच बाहेर हवा. जखम झाकणारी नवी वाढ तेथूनच येते. कापावर रंग फासायला कोणी निघाल्यास कारण विचारावे, कारण त्याने कूज थांबत नाही, तरीही ही सवय चिवट आहे.

सुरक्षिततेचे गुण इतर गुणांत मिसळू नयेत. कापल्या जाणाऱ्या फांदीखाली माणूस उभा असेल, तर काप कितीही सुबक असला तरी उमेदवार अनुत्तीर्ण ठरवावा.

दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे गुण द्यावेत. तफावत मोठी असल्यास बहुधा निकषच संदिग्ध असतो. प्रत्येक कापाचे छायाचित्र तारखेसह ठेवावे आणि वाढीचा एक हंगाम गेल्यावर तीच झाडे पुन्हा पाहावीत. जखमेभोवती सर्व बाजूंनी नव्या वाढीचे सारखे कडे आले असेल तर काप योग्य जागी होता. ते केवळ डाव्या-उजव्या बाजूंनी आले असेल तर बहुधा काप खोडाला फार चिकटून झाला होता. अंतिम प्रमाणपत्र या पाहणीनंतरच द्यावे.