माशांच्या दुकानात लहान टाकीबद्दल तक्रार करताना या चुका टाळा

ठाणे स्टेशनजवळच्या एका दुकानातून गेल्या वर्षी मी भाचीसाठी दहा इंची काचेचा बाऊल आणि दोन गोल्डफिश आणले. "ताई, मासा भांड्याच्या मापानेच वाढतो, काळजी करू नका," असे दुकानदारांनी सांगितले आणि मी ते मानले. घरी एक लिटरच्या बाटलीने पाणी भरत गेले, तर सहावी बाटली संपायच्या आतच पाणी निमुळत्या गळ्याशी आले. चौथ्या दिवशी सकाळी दोन्ही मासे वर तोंड काढून हवा गिळत होते आणि संध्याकाळी त्यांतला एक उलटा तरंगत होता. त्यानंतर मी केलेली पहिली तक्रार वाया गेली, दुसरीचा मात्र उपयोग झाला.

पहिल्या वेळी मी रविवारी संध्याकाळी, ऐन गर्दीत गेले आणि काउंटरवरच्या मुलावर रागावले. कोणता माल ठेवायचा हे तो मुलगा ठरवत नाही, आणि इतर गिऱ्हाइकांसमोर मालक चूक कबूल करत नाही. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी, दुकान उघडल्यावर लगेच जावे आणि थेट मालकांशी बोलावे.

याहून मोठी चूक म्हणजे माप न घेता बोलणे. "टाकी फार लहान आहे" हे मत झाले, त्यावर दुकानदार आपले मत सांगून मोकळा होतो. टाकीची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून त्यांचा गुणाकार करावा आणि त्याला १००० ने भागावे, म्हणजे लिटर मिळतात. ३० × २० × २० ची टाकी १२ लिटरची होते. दोन फुटी, म्हणजे ६० × ३० × ३० ची टाकी ५४ लिटरची. त्यासमोर माशाचे प्रौढ वयातले माप ठेवावे. दुकानात बोटभर दिसणारा गोल्डफिश नीट सांभाळला तर १५ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठा होतो आणि दहा वर्षांहून अधिक जगू शकतो. तो लहान भांड्यात वाढत नाही तेव्हा त्याने भांड्याशी जुळवून घेतलेले नसते, तर खराब पाण्यामुळे त्याची वाढ खुंटलेली असते. मासा कल्ल्यांवाटे सतत विषारी अमोनिया बाहेर टाकतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग त्या मानाने निरुपद्रवी नायट्रेट करणारे जीवाणू नव्या फिल्टरमध्ये स्थिरावायला काही आठवडे लागतात; सहा लिटर पाण्यात, तेही फिल्टरशिवाय, माशाला तेवढी मुदत मिळतच नाही. बरणीत विकल्या जाणाऱ्या फायटर (बेटा) माशाच्या बाबतीत "तो हवेतून श्वास घेतो, त्याला बरणी पुरते" असे उत्तर हमखास मिळते. त्याच्याकडे हवेतून प्राणवायू घेणारा अवयव असतो हे खरे आहे, परंतु तो अवयव अमोनियापासून संरक्षण देत नाही. माझ्या मते फायटरलाही २० लिटरच्या आसपास पाणी हवे, आणि तक्रारीत तो आकडा लिहायलाच हवा.

तक्रार नेमकी कोणत्या टाकीबद्दल आहे, हेही स्पष्ट असू द्यावे. दुकानातल्या मांडणीच्या टाक्या पुष्कळदा एकाच मोठ्या फिल्टरला जोडलेल्या असतात आणि त्यांतले मासे थोडेच दिवस तिथे राहतात. केवळ त्या गर्दीवर बोट ठेवले तर तक्रार कमकुवत होते. पण फ्लॉवरहॉर्न किंवा अरोवानासारखा मोठा होणारा मासा महिनोन्महिने वळताही येणार नाही अशा टाकीत असेल, किंवा लहान बाऊल माशांचे कायमचे घर म्हणून विकला जात असेल, तर तक्रारीला भक्कम आधार आहे.

चुकीचा कायदा सांगणे हेही अंगाशी येते. मत्स्यालयांच्या दुकानांसाठी केंद्राने २०१७ साली काढलेले नियम नंतर मागे घेतले गेले, तरी लोक ते अजून पुढे पाठवतात. पेट शॉपसाठीच्या २०१८ च्या नियमांत कुत्रा, मांजर, ससा, पिंजऱ्यातले पक्षी असे प्राणी नमूद आहेत, मासे नाहीत. मासे येतात ते १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यात, कारण त्यात माणूस सोडून प्रत्येक सजीव 'प्राणी' आहे, आणि कलम ११(१)(ङ) नुसार प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही एवढ्या लहान पिंजऱ्यात किंवा भांड्यात ठेवणे गुन्हा आहे. मात्र हा गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस त्याचा तपास करू शकत नाहीत, पहिल्या गुन्ह्याचा दंड १० ते ५० रुपये आहे आणि खटला तीन महिन्यांच्या आत दाखल व्हावा लागतो. म्हणून पोलिसांची धमकी देऊ नये. कलमाचा उल्लेख पत्रात शांतपणे करावा आणि दखल घेतली गेली नाही तर जिल्ह्याच्या प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीकडे लेखी जावे.

तुम्ही स्वतः खरेदी केली असेल आणि विकताना चुकीची माहिती दिली गेली असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याचा मार्ग आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. खरेदीसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही. पण बिल हवे. माझ्याकडे पाठकोऱ्या कागदावर लिहिलेली चिठ्ठी होती, तीवर ना दुकानाचे नाव होते ना तारीख.

दया येऊन बरणीतला मासा विकत घेणे ही भल्या माणसांची चूक आहे. तो एक मासा कदाचित वाचतो, पण दुकानाच्या हिशेबात ती फक्त एक विक्री असते आणि पुढच्या मालासोबत रिकामी बरणी पुन्हा भरते.

आणि शेवटी, काय हवे ते सांगितल्याशिवाय तक्रार संपवू नये. दुसऱ्या वेळी मी एका पानाचे पत्र दोन प्रतींत नेले, एका प्रतीवर पोच घेतली आणि दोनच मागण्या लिहिल्या: बाऊलसोबत मासे विकू नयेत, आणि प्रत्येक टाकीवर लिटर आणि तिच्यात राहू शकणारे मासे लिहावेत. दोन फुटी टाकी, फिल्टर आणि झाकण यांच्या विक्रीत बाऊलपेक्षा अधिक पैसे मिळतात, हेही मी मालकांना हिशेब मांडून दाखवले. ते बराच वेळ पत्र वाचत होते. दुसरी मागणी त्यांनी अजून मान्य केलेली नाही, पण महिन्याभराने मी गेले तेव्हा बाऊल खालच्या फळीवर गेले होते आणि त्यांवर पुठ्ठ्याची चिठ्ठी होती: "फक्त मनी प्लांटसाठी."